ऊब, धग आणि शेक : मोटारसायकलच्या मुठीचा इतिहास

मराठीत उष्णतेला एकच नाव नाही. गोधडीत शिरल्यावर मिळते ती ऊब, चुलीपुढे बसल्यावर लागते ती धग आणि दुखऱ्या सांध्याला वीट तापवून देतात तो शेक. हे तिन्ही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांच्यातील भेद सांगण्याची वेळ वर्गातसुद्धा क्वचितच येते. परंतु भेद आहे आणि तो नेमका आहे. ऊब आपल्याच अंगची असते. गोधडी स्वतः गरम नसते, ती अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही इतकेच. धग विस्तवाची, म्हणजे परक्याची. तिच्यापासून अंतर राखावे लागते आणि अंतराचा अंदाज चुकला की ती पोळते. शेक मोजून द्यायचा असतो. कुठे, किती आणि किती वेळ हे कोणीतरी ठरवलेले असते. शेक म्हटला की ज्याचे दुखते तो आला, आणि त्याचे दुखणे मान्य करणाराही आला.

लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोटारसायकलींच्या मुठी आज विजेने तापतात. हँडलवरचे बटण दाबावे, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तळव्याला उष्णता जाणवू लागावी, अशी ही सोय आहे. यंत्रांच्या इतिहासात तिला तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. आम्हांला मात्र तिच्यात एका मोठ्या प्रश्नाचे टोक सापडते. दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या हातांना गारठ्यापासून सोडवण्याची खटपट शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ती उबेकडून धगीकडे आणि धगीकडून शेकाकडे गेली. आणि या वाटेवर प्रत्येक ठिकाणी, कोणी उघडपणे विचारो वा न विचारो, प्रश्न एकच होता : कोणाचे हात गरम ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत?

मुळात हातच का गारठतात, हे प्रथम समजून घ्यायला हवे. थंडीत शरीर एक कठोर हिशेब मांडते. हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचे तापमान राखायचे तर कडेच्या अवयवांचा रक्तपुरवठा कमी करणे भाग असते. बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पोटापाण्यासाठी सर्वाधिक राबणारा अवयवच सर्वांत आधी वाऱ्यावर सोडला जातो. ब्रिटिश वैद्यक सर थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले, की बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांत काही मिनिटांनी रक्त पुन्हा उसळून येते, ओसरते आणि परत येते. म्हणजे शरीर बोटांना पूर्णपणे विसरत नाही. अधूनमधून त्यांची चौकशी करते. पण धड गारठले की हीही चौकशी क्षीण होत जाते. म्हणूनच छाती उघडी टाकून केवळ हातमोजे जाड केले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. छातीशी वर्तमानपत्राची घडी ठेवून निघण्याची जुन्या चालकांची रीत शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरते ती यामुळेच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पॉल सायपल हा अमेरिकन तरुण १९२८ साली बालवीर म्हणून रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत गेला आणि पुढे ध्रुवप्रदेशाचा अभ्यासक झाला. त्याने आणि चार्ल्स पॅसेल याने अंटार्क्टिकात एक साधा प्रयोग केला : प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहायचे. हे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले आणि वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याला आकड्यांत मांडण्याची रीत त्यांच्यापासून रूढ झाली. २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी या हिशेबाचे सूत्र सुधारले. त्या सूत्रानुसार हवेचे तापमान शून्य अंश असताना ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला जाणवणारा गारठा उणे दहा अंशांच्या आसपास जातो. मोटारसायकलस्वाराची गंमत, किंवा शोकांतिका, अशी की हा वारा तो स्वतःच निर्माण करतो. जितकी घाई अधिक, तितका त्याचा हिवाळा कडक.

त्यात हँडल धरणारे हात सर्वांच्या पुढे असतात. त्यांना खिशात जाता येत नाही, एकमेकांवर चोळता येत नाही. आणि सगळे नाजूक काम त्यांच्याकडेच : उजव्या मुठीने वेग वाढवायचा, बोटांनी पुढचा ब्रेक दाबायचा, डाव्या हाताने क्लच सोडायचा. बोटांच्या कातडीचे तापमान साधारण १५ अंशांखाली गेले की त्यांचे कौशल्य उतरू लागते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. वळेनाशा झालेल्या बोटांना ब्रेकवर पोचायला अर्धा सेकंद अधिक लागला तर ११ मीटर रस्ता हातचा गेला. तेव्हा हातांची ऊब ही केवळ सुखाची बाब आहे असे म्हणणाऱ्याने हे ११ मीटर कोणाच्या खात्यावर टाकायचे ते सांगितले पाहिजे.

पहिला उपाय अर्थातच उबेचा. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या प्रसिद्ध रोजनिशीकाराने ३० नोव्हेंबर १६६२ रोजी नोंद केली आहे, की त्या दिवशी त्याने प्रथमच मफ वापरला आणि तो त्याच्या बायकोचा गेल्या वर्षीचा होता. मफ म्हणजे दोन्ही बाजूंनी हात घालायची केसाळ कातड्याची नळी. सतराव्या शतकात ती पुरुषही मिरवत. पुढे तिच्यावर बायकीपणाचा शिक्का बसला आणि पुरुषांच्या हातांतून ती गेली. ही नोंद आम्ही मुद्दाम दिली आहे, कारण विसाव्या शतकात तीच नळी दोन भागांत विभागून हँडलच्या दोन टोकांना बांधली गेली, आणि इंग्रजीत नावही तेच, मफ, राहिले. हँडलवर बांधलेल्या कातडी वा मेणकापडी पिशव्यांत हात खुपसायचे. वारा बाहेर आणि हातांची उष्णता आत. साधा, स्वस्त आणि बराचसा परिणामकारक उपाय. मात्र त्यात बटणे दिसत नाहीत, हात चटकन बाहेर काढता येत नाही, आणि शिवाय त्यात कसलेच शौर्य दिसत नाही. हा शेवटचा आक्षेप कोणी फारसा बोलून दाखवत नाही, पण पुढच्या इतिहासात त्याचे वजन बाकीच्या दोहोंहून अधिक ठरले.

पहिल्या महायुद्धात निरोप्यांची मोटारसायकल ही लष्कराची गरज झाली. १९१४ साली ब्रिटिश सैन्याने आपले निरोपे विद्यापीठांतल्या तरुणांतूनही उचलले. ऑक्सफर्डचा विद्यार्थी डब्ल्यू. एच. एल. वॉटसन हा त्यांपैकी एक. त्याचे या अनुभवांचे पुस्तक युद्ध चालू असतानाच, १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आलेली ट्रायम्फ कंपनीची 'मॉडेल एच' ही गाडी युद्धभर वापरली गेली. त्या काळच्या निरोप्यांची छायाचित्रे पाहावीत : मनगटापलीकडे कोपराकडे जाणारे कातडी हातमोजे हीच त्यांची खूण. पण हातमोज्याला एक अंगभूत मर्यादा आहे. तो जितका जाड, तितकी स्पर्शाची जाण कमी. ज्या हाताला ऊब द्यायची त्याच हाताला काम करायचे आहे, हा पेच उबेने सुटत नाही. स्वतःच्या अंगची उष्णता संपत आली की गोधडी कितीही जाड असली तरी ती गारच राहते.

तेव्हा माणूस धगीकडे वळला. धगीचा धोका मात्र जुना आणि नोंदलेला होता. नेपोलियनच्या १८१२ सालच्या रशियन मोहिमेत त्याचा शल्यवैद्य दोमिनिक ज्याँ लारे याने पाहिले, की गोठलेल्या हातापायांनिशी शेकोटीकडे धावणाऱ्या सैनिकांचे अवयव सडत आहेत. बधिर हाताला पोळल्याचे कळत नाही. विस्तव जवळ आला हे सांगणारी कातडीच मेलेली असते. गोठलेला अवयव बर्फाने चोळावा हा लारेचा सल्ला पुढे दीडशे वर्षांत चुकीचा ठरला. आज तो अवयव कोमट ते किंचित ऊन पाण्यात बुडवतात. पण त्याचे निरीक्षण चुकीचे नव्हते. आपल्याकडे काश्मीरात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्या सततच्या धगीने पोटा-मांडीच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद डब्ल्यू. जे. एल्म्स्ली या डॉक्टराने १८६६ साली केली. धग जवळ बाळगणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते ती अशी.

मोटारसायकलवर धग फुकट मिळते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन वायाच जातो. थांब्यावर उतरून तापलेल्या सिलिंडरपाशी हात धरणे हे गारठ्यातल्या प्रत्येक चालकाने केले आहे. प्रश्न होता ही धग चालत्या गाडीत मुठीपर्यंत आणण्याचा. तो सोडवला गेला युद्धात, आणि तेही पराभवाच्या छायेत. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले ते हिवाळ्यापूर्वी विजय मिळेल या खात्रीने. त्यामुळे हिवाळी कपडे पुरेसे नव्हते. मॉस्कोसमोरच्या त्या हिवाळ्यात हिमदंश झालेल्या जर्मन सैनिकांची संख्या एक लाखाहून अधिक झाली. १९४२ च्या मे महिन्यात या हिवाळी मोहिमेचे पदक काढण्यात आले तेव्हा सैनिकांनी त्याचे नाव ठेवले 'गोठल्या मांसाचे पदक'. एवढ्या एका नावात त्या मोहिमेचे मूल्यमापन आले आहे.

त्यानंतर बीएमडब्ल्यूच्या 'आर ७५' आणि न्यूरेंबर्गच्या झुंडॅप कंपनीच्या 'केएस ७५०' या साईडकारच्या लष्करी गाड्यांना तापवण्याची योजना जोडली गेली. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवतीची गरम हवा लवचीक नळ्यांतून चालकाच्या हातांकडे, पायांकडे आणि साईडकारमधल्या माणसाकडे वळवलेली असे. यंत्रदृष्ट्या कल्पना चतुर होती. पण तिच्यामागची प्रेरणा विसरून चालणार नाही. तिथे हात गरम ठेवायचे होते ते बंदूक धरण्यासाठी, दुसऱ्याच्या देशात आणखी पुढे जाण्यासाठी. हाताची किंमत त्याच्या उपयोगाइतकी होती.

शेकाचा जन्मही युद्धातच झाला, मात्र आकाशात. विजेच्या प्रवाहाने तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने १८४१ साली मांडला. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाने निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, लाल होईपर्यंत तापूनही न जळणारी तार बनवली आणि १९०६ साली तिचे पेटंट घेतले. आपल्या घरांतल्या शेगडीची, इस्त्रीची वाट तिथूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उघड्या विमानांतल्या वैमानिकांसाठी विजेने तापणारे पोशाख आणि हातमोजे तयार होऊ लागले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून जर्मनीवर बाँब टाकायला जाणाऱ्या अमेरिकन विमानांत कुशीच्या उघड्या खिडकीशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उणे ४० अंशांचा वारा लागे. मोहिमेच्या पहिल्या वर्षभरात या विमानांतले हिमदंशाचे रुग्ण शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांपेक्षा अधिक होते. त्यांना दिलेल्या विजेच्या पोशाखांच्या पहिल्या प्रकारात सर्व तारा एकाच माळेत जोडलेल्या होत्या. एका हातमोज्यातली तार तुटली की सगळा पोशाख गार पडे. पुढच्या पोशाखांत जोडणी समांतर केली गेली. शेक देणाऱ्या यंत्राला देहाच्या प्रत्येक भागाची वेगळी काळजी घ्यावी लागते, हे त्या तुटक्या तारांनी शिकवले.

युद्ध संपले, पण ही विद्या लगेच रस्त्यावर आली नाही. तिच्याऐवजी रस्त्यावर आले ते गारठ्याचे कौतुक. १९५६ च्या जानेवारीत एर्न्स्ट लेव्हरकुस या जर्मन पत्रकाराने झुंडॅपच्या 'केएस ६०१' या गाडीच्या मालकांना स्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूड शर्यतमार्गापाशी भर हिवाळ्यात बोलावले. गाडीचे लाडके नाव होते 'हिरवा हत्ती', म्हणून मेळाव्याचे नाव 'हत्तींचा मेळा'. पहिल्या खेपेला वीसएक जण जमले. काही वर्षांत मेळा न्यूरबुर्गरिंगला गेला, हजारोंचा झाला, आणि १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलात थुर्मान्सबांगजवळ सोला येथे भरू लागला. बर्फात तंबू, खाली पेंढा, शेजारी शेकोटी. ज्या कंपनीच्या गाडीवर सैनिकांनी रशियातला हिवाळा सक्तीने सोसला, त्याच कंपनीच्या गाडीवर अवघ्या चौदा-पंधरा वर्षांनी तरुण हिवाळा स्वेच्छेने सोसू लागले. हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. सक्तीने भोगलेले दुःख पुढची पिढी कधीकधी खेळ म्हणून पुन्हा खेळते. त्यातून तिला ते आपल्या ताब्यात आल्याचे समाधान मिळत असावे.

या मेळाव्याने मैत्री दिली, हे निश्चित. परंतु त्याच्याच आगेमागे एक मूल्यव्यवस्थाही घट्ट झाली : जो अधिक गारठला तो अधिक खरा. संतचरित्रांतल्या तपाची ओळख असलेल्या आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. देहाला दिलेला त्रास हे पुण्याचे माप ठरते आणि त्रास कमी करणारी प्रत्येक वस्तू संशयास्पद होते. तापणाऱ्या मुठीची थट्टा झाली ती या व्यवस्थेत. रॉबर्ट पिर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकातला हँडलचा प्रसंग येथे आठवतो. निवेदकाच्या मित्राच्या नव्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होऊन सरकते. बियरच्या डब्याची पत्र्याची पट्टी कापून ती मध्ये बसवली की काम भागेल, असे निवेदक सुचवतो. आणि मित्र दुखावला जातो. एवढ्या उंची यंत्रात डब्याचा पत्रा! निवेदकाला पत्र्याचा उपयोग दिसतो, मित्राला त्याची जात दिसते. मुठीत तापणारी तार बसवण्यावरचा वाद याच घराण्यातला आहे. तार काय करते यापेक्षा ती बसवल्याने आपण कोण ठरतो, याचीच चिंता मोठी.

तरीही सगळा दोष अभिमानाला देणे अन्यायाचे होईल. शेक उशिरा आला त्याला विजेचे साधे गणितही कारण होते. दोन मुठी तापवायला ३० ते ४० वॅट शक्ती लागते. १२ व्होल्टच्या गाडीत याचा अर्थ सुमारे तीन अँपियर प्रवाह. सहा व्होल्टच्या गाडीत तोच सहा अँपियर होतो. १९५०च्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांचा डायनॅमो सहा व्होल्टचा आणि साठएक वॅटचा असे. पुढचा दिवा, मागचा दिवा आणि ठिणगी यांचे भागवता भागवता शिल्लक काही उरत नसे. हात गरम करायचे तर दिवा विझवायचा, असा तो व्यवहार होता. १९६९ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या 'आर ७५/५'मध्ये १२ व्होल्ट आणि १८० वॅटचा आल्टरनेटर होता; पुढच्या मालिकेत तो २८० वॅटचा झाला. १९७६ साली 'आर १०० आरएस'वर वातबोगद्यात घडवलेले पूर्ण आच्छादन आले आणि लांब पल्ल्याच्या चालकाला वाऱ्यापासून खरा आडोसा मिळाला. १९८३ च्या 'के १००'चा आल्टरनेटर ४६० वॅटचा होता, आणि त्या दशकात तापणाऱ्या मुठी या कंपनीच्या यादीत हक्काने बसल्या. होंडाच्या 'गोल्ड विंग'मध्ये त्या २००६ साली आसनाच्या शेकासह आल्या. घरात धान्याची कणगी भरली की मगच दारच्या माणसाची विचारपूस होते. वीज शिल्लक पडू लागली तेव्हा हातांची आठवण झाली.

मुठीची रचना वरवर सोपी आहे. रबराखाली मिश्रधातूच्या तारेची वा पातळ पट्टीची वीण, हँडलजवळ बटण आणि बॅटरीपर्यंत जाणारी वायर. पण दोन्ही हात सारखे नसतात. उजवी मूठ वेग वाढवण्यासाठी फिरते. ती प्लास्टिकच्या नळीवर बसलेली असल्यामुळे तिची उष्णता आतल्या धातूकडे फारशी जात नाही. डावी मूठ मात्र थेट धातूच्या दांड्यावर असते आणि दांडा तिची उष्णता ओढून घेतो. म्हणून काळजीपूर्वक बनवलेल्या संचात दोन्ही मुठींच्या तारा वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. उजव्या मुठीची अडचण वेगळी : ती सतत फिरते, त्यामुळे तिची वायर वाकून वाकून तुटते. शिवाय उष्णता मिळते ती तळव्याला. वारा झोंबतो तो हाताच्या पाठीला. तळवा भाजतो आहे आणि नखे निळी पडत आहेत, असा विचित्र अनुभव येतो. त्यासाठी मुठीपुढे वारा अडवणारी ढाल लागते किंवा तोच जुना मफ. म्हणजे शेकाला उबेचा आधार घ्यावाच लागतो.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. तापणारी मूठ ही चैन आहे का? याचे उत्तर मोटारसायकलच्या इतिहासात शोधण्याऐवजी तिच्या शेजारच्या एका यंत्रात शोधावे. थरथरणारी हत्यारे धरून काम करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर होतात. अमेरिकेतील डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींतील पाथरवटांमध्ये हा विकार अभ्यासला. पुढे यांत्रिक करवत आल्यावर स्वीडन, फिनलंडसारख्या देशांतल्या जंगलकामगारांत तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. त्यावर जे उपाय झाले त्यांत थरथर शोषून घेणाऱ्या मुठी आल्या आणि तापणाऱ्या मुठीही आल्या. मोटारसायकलवर जी सोय लाडाची म्हणून गणली जाते, तीच करवतीवर कामगाराच्या आरोग्याची बाब म्हणून बसवली गेली. तार तीच, वॅटही जवळजवळ तेवढेच. बदलले होते ते हाताकडे पाहणाऱ्याचे डोळे.

हे डोळे आपल्याकडे कुठे आहेत? दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कितीतरी जण मोटारसायकलींवर लडाखला जातात. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. ५,३०० मीटरहून उंच असलेल्या खारदुंग खिंडीत जूनमध्येही बोटे आखडतात. या प्रवाशांपैकी काहींच्या गाड्यांना तापणाऱ्या मुठी असतात. बाकीचे हातमोज्यांच्या आत रबरी मोजे आणि वर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वेळ भागवतात. त्यांची थंडी आठ-दहा दिवसांची आणि स्वेच्छेची. पण निफाडच्या परिसरात पारा एक अंकी झालेल्या पहाटे दुधाचे कॅन लावून निघणाऱ्या मोटारसायकलस्वाराची थंडी तशी नसते. वर्तमानपत्रात थंडीची बातमी येते, ती द्राक्षमण्यांना तडे जाण्याची किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची. दुधाच्या कॅनमागच्या हातांची बातमी होत नाही. उत्तर भारतातल्या शहरांत हिवाळ्यात दुचाकींच्या हँडलांना रेक्झिनचे, लोकरीचे कव्हर बांधलेले सर्रास दिसते. म्हणजे कष्टकऱ्याच्या वाट्याला अजून ऊबच आहे, शेक नाही.

त्याच्या गाडीला तो परवडत नाही याचे कारण पुन्हा विजेच्या गणितात आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची वीज बेताची असते, आणि १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. पण एलईडी दिव्यांनी तोच उजेड कमी वॅटमध्ये देऊन थोडी वीज मोकळी केली आहे. तेव्हा अडचण केवळ वॅटची राहिलेली नाही. तीस-चाळीस वॅट म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या बल्बपेक्षाही कमी. एवढी शक्ती कोणाच्या हातांसाठी खर्च करावी हे ठरवताना आपण उंची गाडीचा फिरस्ता डोळ्यांसमोर आणतो. रोज पहाटे निघणारा माणूस आणत नाही.

आमच्या मते या छोट्या वस्तूचा इतिहास एवढेच सांगतो. उबेला दुसऱ्या कोणाची गरज नसते. ज्याची त्याने सांभाळायची. धग युद्धाने दिली आणि तिची किंमतही वसूल केली. शेक मात्र तेव्हाच येतो, जेव्हा कोणीतरी मान्य करते की समोरच्याचे दुखते आहे. बाँबफेकी विमानातल्या बंदूकधाऱ्याचे दुखणे मान्य झाले, कारण बंदूक थांबून चालणार नव्हते. जंगलकामगाराचे मान्य झाले, हातांच्या आरोग्याला किंमत आली म्हणून. फिरस्त्याचे मान्य झाले, कारण त्याच्या खिशात पैसे होते. गारठ्याला पौरुषाचे प्रमाणपत्र मानणाऱ्यांची सोय अशी, की त्यांना या यादीत पुढचे नाव कोणाचे असावे याचा विचार करावा लागत नाही. भाषेने शेक हा शब्द आपल्याला केव्हाच दिला आहे. तो देणारा हात कोणाचा असावा, हे भाषा सांगत नाही. ते समाजाला ठरवावे लागते.